शेजारच्या सरांचं बोट

मानवी आनुवंशिकतेचं रहस्य उलगडण्यात ज्यांनी आयुष्य वेचलं, अशा मोजक्या माणसांत आमच्या शेजारच्या सरांची गणना व्हायला हवी. हे उलगडणं मुख्यतः आमच्या वर्तमानपत्रावर होत असे. गोष्ट ऐंशीनंतरची. सर नागपुरातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत, आणि 'एक्झॉन' हा शब्द तेव्हा इतका नवा होता की धरमपेठेपासून सक्करदऱ्यापर्यंत तो आपल्या एकट्याकडेच आहे असं त्यांना वाटे. ते बहुधा खरंही असावं. सकाळी ते आमचा पेपर नेत आणि तासाभराने खिडक्या पाडून परत करत. "जनुकातली बातमी म्हणजे एक्झॉन," ते सांगत. "मधल्या जाहिराती पेशी कापून टाकते, बातम्या जोडते आणि त्या वाचून प्रथिन बनवते. बातमीत एक अक्षर चुकलं, की माणूस आजारी." जाहिरातीच्या पाठीमागे छापलेल्या बातमीचं पेशी काय करते, असं मी विचारल्यावर त्यांनी दोन दिवस माझ्याशी बोलणं सोडलं. स्वतःच्या बोलण्यातलं मात्र ते काहीच कापत नसत. हाका मारून थकलेल्या काकू शेवटी आमच्या दारात येत. "तुमच्यातल्या बातम्या संपल्या असतील, तर भात थंडा होऊन राहिला जी."

एकाच गोष्टीबद्दल ते थोडक्यात बोलत. त्यांचा धाकटा भाऊ लहानपणीच गेला होता. सांधे दुखतात म्हणून तो रडायचा, आणि घरचे वात समजून तेल चोळायचे. तो आजार सिकलसेल होता, हे सरांना पुढे पुस्तकातून कळलं. रक्तातल्या एका प्रथिनाच्या जनुकात, पहिल्याच एक्झॉनमध्ये एक अक्षर बदललेलं. तेवढ्याने रक्ताच्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात. चुकलेलं अक्षर आई आणि बाप दोघांकडून आलं तर आजार, एकाकडूनच आलं तर माणूस ठणठणीत. सरांची मुलगी मंदा अशीच, एक चुकलेलं अक्षर घेऊन ठणठणीत होती. म्हणजे तिच्या नवऱ्याकडे तरी ते अक्षर असता कामा नये. मंदाकडे ते तिच्या आईच्या माहेरून आलं, हे मात्र ज्याचा सख्खा भाऊ त्यातच गेला त्या शास्त्रज्ञाने स्वतःचं किंवा काकूंचं रक्त न तपासता ठरवून टाकलं होतं.

मंदाला बघायला येणाऱ्यांपुढे मग पोह्यांबरोबर स्पिरिटचा बोळा, सुई आणि काचपट्टीही येऊ लागली. सर पत्रिका बाजूला सारून मुलाचं बोट मागत. पहिला चहा न पिताच उठला. दुसऱ्याच्या मामांनी विचारलं, "आमचा पोरगा काय बेडूक आहे का?" तिसरं स्थळ फाटकातूनच परत गेलं, कीर्ती पोहोचली होती. "पोरीले जन्मभर घरीच ठेवता काय?" काकू म्हणाल्या. सर सुई उकळत ठेवायला गेले.

चौथा मुलगा भिवापूरचा, टेलिफोन खात्यातला. सरांचं सगळं ऐकून घेत त्याने पोहे संपवले, हात धुतले आणि म्हणाला, "घ्या ना काका. पण पहिले तुमचं."

"माझं काहून? मी काय नवरदेव आहे?"

"ते अक्षर कोणाकडून आलं, हे माह्या बाबाले सांगा लागन."

सर पांढरे पडले. अर्ध्या मोहल्ल्याची बोटं टोचलेला हा माणूस सुईला भितो, हे त्या दिवशी मला कळलं. पडद्याआडून मंदाचा आवाज आला, "बाबा, डोळे मिटून घ्या." सुई काकूंनी टोचली, जरा जोरातच, असं मला वाटलं.

थेंबावर औषध टाकलं की एकच चुकलेलं अक्षर असलं तरी पेशी वाकतात, पण थोडं थांबावं लागतं. तेवढा वेळ सर बोटावर बोळा दाबून बसले. मग त्यांनी कॉलेजातून आणलेल्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मुलाच्या पेशी गोलच राहिल्या होत्या. दुसऱ्या, स्वतःच्या काचपट्टीवर मात्र विळे दिसत होते.

"धाकट्याचंच आहे," ते हळू म्हणाले. "माझ्याकडंही राहिलं होतं."

"इतकी वर्षं माह्या माहेराले नावं ठेवून राहिले होते," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी सरांची बशी पुन्हा पोह्यांनी भरली.

मंदाचं लग्न तिथेच झालं. तिच्या दोन्ही मुलांचे सांधे कधी दुखले नाहीत. सरांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. आमचा पेपर हल्ली अख्खा मिळतो. त्यात बहुतेक जाहिरातीच असतात.