मास्तर पडले नव्हते

मी गाव सोडलं त्या सकाळी आप्पांच्या डोक्याला सतरा टाके होते. उजवा कान बँडेजखाली गेला होता, त्यामुळे एसटीच्या थांब्यावर मी त्यांच्या डाव्या बाजूला उभी होते. पुण्याला एमएस्सीला निघाले होते. गाडी दिसली तसे आप्पा म्हणाले, "ह्या गावच्या कागदावर मी दारू पिऊन ओट्यावरून पडलोय. तो कागद खोटा आहे, असं वरच्या आळीतलं एक माणूस म्हणेपर्यंत तू इथं पाऊल टाकू नकोस. मी मेलो तरी नको." आप्पांनी उभ्या जन्मात दारूला हात लावला नव्हता. आईनं भाकरीची पिशवी माझ्या हातात कोंबली आणि मी गाडीत चढले.

ह्याला एकोणीस वर्षं झाली. आईआप्पांना मी पुण्यात मावशीकडे भेटते. वस्तीतल्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारखं गाव मागे टाकून इकडे आलेल्यांनो, काय झालं ते तुम्हाला सांगायचंय. शांतपणे सांगता येणार नाही. मला अजूनही राग येतो आणि तो मी लपवत नाही.

आप्पा गावच्या शाळेत मास्तर होते आणि आम्ही बौद्धवस्तीत राहायचो. त्या वर्षी त्यांनी चौथीतल्या एका मुलाला नापास केलं. मुलगा वरच्या आळीतल्या मोठ्या घरचा. स्वतःच्या मनानं दहा ओळी लिहा म्हटलं, तर त्याला दोनसुद्धा लिहिता येत नव्हत्या. निकालाच्या दुपारी त्याचा बाप कुऱ्हाडीचा दांडा घेऊन वस्तीत आला. पहिला घाव कानावर बसला. ओलं लाकूड फुटावं तसा आवाज आला. आप्पा खाली पडल्यावरही तो मारत राहिला. आई त्याला गावच्या नात्यानं मामा म्हणायची. "मामा, नका मारू वं, पाया पडते, मास्तर हायेत ते," असं ती ओरडत होती. त्यानं थांबून तिच्याकडे पाहिलं, ऐकून घेतलं आणि पुन्हा दांडा उचलला. वस्तीसमोरच्या वरच्या आळीतल्या माड्यांवर चाळीसेक माणसं उभी होती. पंचनाम्याच्या वेळी त्यातल्या एकानंही काही पाहिलेलं नव्हतं.

आता मी देशाबाहेर, क्लेमेंटी नावाच्या उपनगरात एका फ्लॅटमध्ये राहते आणि वन-नॉर्थ ह्या संशोधन वसाहतीतल्या एका लॅबमध्ये काम करते. माझ्या डाव्या हाताला ब्राम बसतो, तो डच. उजव्या हाताला आन्के, ती जर्मन. पहिले सहा महिने मला ही दोघं एकाच घरची वाटायची. दोघं उंच, दोघं सायकलवेडे, दोघांच्या भाषा ऐकायला सख्ख्या बहिणी. तुझा आलेख वाईट आहे, हे दोघंही तोंडावर सांगतात. फरक मला हळूहळू कळला. ब्राम एका वाक्यात सांगून मोकळा होतो, आन्के पाच कारणं क्रमानं देते. ब्राम डायरेक्टरला पहिल्या दिवसापासून नावानं हाक मारतो, आन्केला त्यासाठी वर्ष लागलं. तो दुपारी जागेवरच थंड ब्रेड-चीज खातो, तिला हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत जाऊन गरम जेवायचं असतं. आन्केला डच भाषा ऐकली की हसू येतं, लहान मुलं बोलतात तशी वाटते म्हणे. ती हसली की ब्रामच्या मानेवर लाल चट्टे उठतात.

गेल्या मे महिन्यात मी दोघांना घरी जेवायला बोलावलं. मराठी ग्रुपवर विक्रम नावाचा एक नवा इंजिनिअर आला होता. शहराच्या उत्तरेला बुकित पंजांगमध्ये एकटाच राहतो आणि घरच्या जेवणासाठी तळमळतो असं कळलं, म्हणून त्यालाही बोलावलं. आडनाव मुद्दाम विचारलं नाही. ते विचारणाऱ्यांचा मला तिटकारा आहे.

ब्राम आणि आन्के आधी आले. मी ओट्याशी चपात्यांचं पीठ मळत होते आणि आपलं चेष्टेत बोलून गेले, "तुमचं बरं आहे बाई. देश दोन, पण माणसं एकच. तुम्ही आपसात तुमच्या भाषेतच बोला की!" आपली भाषा बोलणारं कुणी भेटलं की आपण मराठी माणसं हुरळून जातो. मला वाटलं, जगात सगळ्यांचं तसंच असतं.

ब्रामनं ग्लास टेबलावर असा आपटला की पाणी उडालं. तेवढ्यात आठ वाजले. तो काही न बोलता उठून उभा राहिला. आन्केही उठली. वंदनेनंतर दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायची मला सवय आहे, त्यामुळे काही न विचारता मीही पिठाच्या हातानं उभी राहिले. मध्येच दाराची बेल वाजली. कुणीच हललं नाही. दोन मिनिटं झाल्यावर मी दार उघडलं, तर विक्रम मिठाईचा डबा घेऊन उभा.

तो बसला आणि ब्राम बोलायला लागला. ही चार मेची तारीख होती. महायुद्धात गेलेल्यांसाठी त्यांच्या देशात ह्या दिवशी रात्री आठला सगळे असेच उभे राहतात. त्याचं गाव जर्मनीच्या हद्दीवर आहे, मध्ये फक्त एक ओढा. दोन्ही काठांवरची जुनी बोली जवळजवळ एकच. त्याच्या आजीचा भाऊ जर्मनीत कामाला नेतील म्हणून माळ्यावर लपला होता. त्याला खाली ओढलं, बंदुकीच्या दस्त्यानं दात पाडले आणि घरच्याच गोठ्याच्या भिंतीशी उभं करून गोळी घातली. हुकूम देणारा पलीकडच्या काठाचा होता. "तो मुलगा आपल्या बोलीत गयावया करत होता," ब्राम म्हणाला. "आजी म्हणायची, हुकूम देणारा दूरचा असता, तर त्याला समजलं नाही असं तरी मी म्हटलं असतं. पण त्याला शब्दन् शब्द कळत होता." आजी पुढे जन्मभर ओढ्यापलीकडच्या माणसाशी एक शब्द बोलली नाही.

माझ्या हातातलं पीठ वाळत होतं. आईचं 'मामा, मामा' मला त्या खोलीत ऐकू येत होतं.

आन्के हळू आवाजात म्हणाली, "माझे आजोबा त्याच भागात शिपाई होते. मी अर्ज करून त्यांचे कागद मागवले. गोठा कोणता ते त्यात नाही. पण ते तिथे होते, हे आहे."

"हे तिनं मला पहिल्याच आठवड्यात येऊन सांगितलं," ब्राम म्हणाला. "म्हणून मी आज तिच्याबरोबर जेवायला आलो. आम्ही एकच आहोत म्हणून नाही."

मला तिथे बसवेना. विषय बदलायचा म्हणून मी विक्रमकडे वळले आणि ज्या प्रश्नाला मी वर्षानुवर्षं नाक मुरडलं, तोच विचारून बसले, "मूळ गाव कुठलं तुमचं?"

त्यानं माझ्याच गावाचं नाव घेतलं. पाठोपाठ आळी सांगितली, घर सांगितलं. मी त्याच्या कपाळाकडे, हनुवटीकडे नीट पाहिलं. हा तोच चौथीतला मुलगा होता. मी आप्पांचं नाव सांगितल्यावर त्याचा चेहरा उतरला.

"ताई," तो म्हणाला, "झालं गेलं ते. इथं आपण सगळे मराठीच ना?"

माझं डोकं सटकलं. पिठानं भरलेल्या हातानं मी त्याच्या थोबाडीत मारली. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा हात उचलला तेव्हा पोळपाटावरचं लाटणं कधी हातात आलं ते मला कळलं नाही. आन्केनं माझं मनगट धरलं. ब्राम जागेवरून आन्केवर ओरडला, "सोड तिला!" लाटणं खाली पडून कोचाखाली गेलं. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला त्याचा कान फोडायचा होता. उजवाच.

"काय पाहिलंस तू?" मी किंचाळले. "माडीवर होतास ना? काय पाहिलंस?"

तो मिठाईचा डबा तसाच ठेवून निघून गेला. तो डबा मी कचऱ्यात फेकला.

तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी सकाळी त्याचा फोन आला, "खाली आलोय. वर येत नाही." मी उतरले. इमारतीच्या तळाशी दगडी बाकावर तो बसला होता. गाल बसले होते, दाढी वाढलेली. त्यानं वहीचा एक कागद पुढे केला. मराठीत, हातानं लिहिलेला, खाली पूर्ण नाव आणि सही. 'माझ्या वडिलांनी मास्तरांना दांड्यानं मारलं. कारण मी नापास झालो होतो. मी माडीवरून पाहिलं. मास्तर पडले नव्हते.' अशा ओळी होत्या.

"वडिलांना कळवलं?" मी विचारलं.

"आधी त्यांनाच वाचून दाखवला. परत गावात दिसलास तर तुझाही मास्तर करीन म्हणाले."

मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. कागद घेऊन वर आले, फोटो काढून आप्पांना पाठवला.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. आता डाव्या कानानंही कमी ऐकू येतं, म्हणून ते ओरडूनच बोलतात. विहारात वंदना झाल्यावर सगळ्यांसमोर उभं राहून त्यांनी तो कागद वाचला होता. आई पहिल्या रांगेत बसून होती, रडली नाही म्हणाले. मग म्हणाले,

"ओळी मोजल्या मी. अकरा आहेत. स्वतःच्या मनानं लिहिल्यात. पास झाला म्हणून सांग त्याला."

मी सांगितलेलं नाही. सांगेन की नाही तेही माहीत नाही. आप्पांचं मन मोठं असेल, माझं तेवढं नाही.

"आणि तू ये आता," आप्पा म्हणाले.

डिसेंबरचं तिकीट काढलंय. ओढ्यापलीकडच्या माणसाच्या हातून खरं बोलणारा एक कागद यायला एकोणीस वर्षं लागली, पण आला, आणि मला घर परत मिळालं. परवा एमआरटीत, इथल्या मेट्रोत, विक्रम समोर उभा होता. दिवाळीला जाणार का, असं कुणीतरी त्याला फोनवर विचारत असावं. तो म्हणाला, "नाही, मला आता गावाला जाता येत नाही." मी त्याच्या गालाकडे पाहिलं आणि पुढच्या स्टेशनवर उतरून गेले.