गजानन कोणासोबत पळाला

चहा ठेवलाच आहे तर ऐका, पण हसायचं शेवटी. माझी हिंदी फर्स्टक्लास आहे असा माझा जन्मापासूनचा समज होता. राजापेठेत माझं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. निम्मं गिऱ्हाईक मुसलमान, त्यामुळे 'क्या खाला, फिर सुई तुटी क्या' हे तोंडात बसलेलं. त्याच हिंदीनं एका संध्याकाळी अकोल्यात माझ्या जिवलग दोस्ताची सोयरीक मोडायला घेतली.

दोस्त म्हणजे वलगावचा गजानन. घरचं काळं वावर, माणूस सोन्यासारखा. पण ते दिवसच असे होते की पोरगा शेती करतो म्हटलं की मुलीकडचे लोक पाण्यावरच उठायचे, चहापर्यंत थांबत नसत. नकार येत गेले आणि हा पठ्ठ्या पहाटे उठून पळायला लागला. रागानं पळायचा की हौसेनं, देव जाणे. एक दिवस जाहीर करून मोकळा झाला, "रविवारी वलगाव ते दर्यापूर पयतो. मधात कुठी थांबत नाई." म्हणजे अख्खी मॅरेथॉन की हो!

आणि पळाला. माझी बायको सुनंदा शुगरपायी रोज पळते. तीही अर्ध्या रस्त्यापर्यंत त्याच्या सोबतीला पळाली, मग काळीपिवळीत बसून घरी गेली. मी मोटारसायकलवर मागे, लिंबूपाणी घेऊन. दर्यापूरच्या स्टँडवर गजानन मातीला हात लावून पाया पडला तेव्हा मला रडू आलं, खोटं कशाला बोलू?

"आता चाल अकोल्याले," मी म्हणालो. "कव्वाली हाये."

"अबे, पाय उचलून नाई रायले माहे."

"बसूनच आयकाची असते ते."

खरं कारण मी पोटातच ठेवलं होतं. अकोल्याच्या एका गुरुजींनी आपल्या मुलीसाठी गजाननला पाहिलं होतं आणि 'विचार करून सांगतो' म्हणून ते गप्प बसले होते. हे स्थळ गेलं तर पोरगा पुन्हा कोणासमोर बसायचा नाही, असं गजाननच्या आईनं मला डोळ्यांत पाणी आणून सांगितलं होतं. गुरुजी कव्वालीचे शौकीन. ते कार्यक्रमाला असणार, आणि त्यांच्या देखत माईकवरून गजाननचं कौतुक झालं तर? डोकं पाहा माझं.

गुरुजी पहिल्या रांगेत होतेच. त्यांनी गजाननला पाहून नुसती मान हलवली. मी सटकलो तो थेट स्टेजच्या मागे. शेरवानीतले निवेदक पान तोंडात टाकायच्या बेतात होते.

"भाईजान, हमारे दोस्त का जरा नाम लेव माईक पे. गजानन, वलगाववाला. वो आज भागा."

पान हातातच राहिलं. "भागे? कहाँ तक?"

"दर्यापूर तक. सुबे अंधेरे मेंच निकला."

"अकेले?"

"नहीं नहीं, मेरी बीवी थी ना साथ में. लेकिन वो आधे रस्ते से वापस चली गयी. दम नहीं उसको."

"आपकी बीवी." त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "और आप कहाँ थे?"

"मैं पीछेच था, गाडी पे. दोनों को लिंबूपानी पिलाते पिलाते."

हसू नका म्हटलं होतं ना. पळणे म्हणजे भागना, यात मला काही वावगं वाटलंच नाही. निवेदकांनी रुमाल काढून डोळे टिपले, तेव्हा मला वाटलं, खेळाची खरी कदर याच माणसाला आहे.

थोड्या वेळानं ते माईकवर आले. "हजरात, आज इस महफिल में वलगाव के गजानन साहब बैठे हैं, जो सुबह अंधेरे में अपने दोस्त की बीवी के साथ भागे. वो बेवफा आधे रास्ते से लौट गई. मगर सलाम है उस दोस्त को, जो पीछे पीछे नींबू-पानी लेकर चलता रहा, और शाम को उसी यार का गम भुलाने उसे यहाँ ले आया."

माईक घुमत होता. मला आपले 'गजानन', 'दोस्त' आणि 'नींबू-पानी' एवढेच शब्द लागले. कव्वालांनी विरहाची तान घेतली, लोक माना वळवून पाहू लागले, आणि मी उभा राहून चारी दिशांना हात जोडले.

शेजारच्या म्हाताऱ्या चाचांनी माझा हात हातात घेतला. "बेटा, अब लौट आई है ना? माफ कर दो उसे."

"माफ क्या करना चाचा? वो तो रोज सुबे भागती है. मैंच उठाता हूँ उसको."

चाचांनी हात सोडला.

गजाननने मला सदऱ्याला धरून खाली बसवलं. "काय सांगतलं बे तू त्याईले?"

"तू भागा म्हणून."

"अबे, दौडा म्हणा लागते, दौडा. भागा म्हणजे बाई घेऊन पयाला!"

समोर पाहतो तर गुरुजी उठून आमच्याचकडे येत होते. गजानन उभा राहायला गेला, मांड्यांत गोळे आले आणि तो मटकन खाली बसला. मी तोंड उघडलं, तर गुरुजींनी मला हातानंच गप्प केलं.

"खरंच दर्यापूरपरेंत पयाले?" त्यांनी गजाननला विचारलं.

"हो गुरुजी. वहिनी शुगरसाठी पयते जी, अर्ध्यातून घरी गेल्या."

"अन् हे तुमचे दोस्त?"

"हो जी. शाळेपासून."

"असे नेहमीच करते का हे?"

गजाननने माझ्याकडे पाहिलं, खाली पाहिलं, आणि खरं ते सांगितलं. "नेहमीच करते जी."

गुरुजी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मंग आमच्याकून पक्कं समजा. ज्यानं याले एवढे वर्ष निभावलं, तो माह्या पोरीले निभावीनच."