मास्तरांच्या दोन मोटारी

मालवणात गॅरेज टाकून बसलं की किस्से शोधायला जावं लागत नाही, गिऱ्हाइकंच आणून टाकतात. त्यात एकट्या पास्कू मास्तरांनी माझं पोतं भरलंय!

रिटायर्ड मास्तर. अंगणात वडिलांच्या वेळची काळी मोटार. गेल्या वर्षी त्यांच्या मुलाने, नेल्सनने, पणजीहून नवीकोरी ऑटोमॅटिक पाठवली आणि वर हुकूम सोडला, "पप्पा, अंगणात एकच गाडी रवतली. जुनी इकून टाक!"

मास्तरांचं तोंड एवढंसं झालं. पण पोरगा प्रेमाने देतोय, नाही कसं म्हणणार?

*

पहिल्याच आठवड्यात फोन. "बाबल, गाडी बोंबलता रे!"

जाऊन बघतो तर पुढच्या सीटवर हा एवढा फणस! गाडीला वाटलं माणूस बसलाय. मी फणसाला बेल्ट लावला. बोंब बंद.

मास्तर म्हणाले, "काळ्या गाडीत अख्खी वरात बसली, कधी कोणाक काय इचारल्यान नाय!"

*

नव्या गाडीत सायबिणीची, म्हणजे मदर मेरीची तसबीर लावायला जागा सापडेना. मास्तरांनी ती स्क्रीनवरच चिकटवली.

"अहो मास्तर, रिव्हर्स घेताना मागचं कसं दिसणार?"

"मागचा सायबीण बघता. तू पुढचा बघ!"

*

काळी गाडी कपाटाच्या किल्लीनेसुद्धा सुरू होते. नवीला किल्ली लावायचीच नाही, जवळ असली की झालं. एकदा मास्तरांनी इंजिन चालूच ठेवून बायकोला, मार्थाबायला, बाजारात उतरवलं आणि गेले देवगडला. तिथे गाडी बंद केली, ती परत सुरूच होईना! लगेच मला फोन.

"मास्तर, किल्ली खंय आसा?"

"मार्थाच्या पर्सीत!"

मग मार्थाबायला काळ्या गाडीत घालून मीच देवगड गाठलं. वाटभर तिच्या तोंडाचा पट्टा चालू. "हाडां खिळखिळी झाली माझी! इकून टाका रे ही एकदाची!"

*

शेवटी खारेपाटणचं गिऱ्हाईक ठरलं. हार-नारळ घेऊन आलं. नेल्सनही पणजीहून आला. मास्तर सकाळपासून काळी गाडी पुसत होते, डोळे लाल. मला काही बघवेना. सगळे चहाला आत गेले तेव्हा मी बॉनेट उघडून रोटर काढला आणि खिशात टाकला. बोटाएवढी वस्तू, पण ती नसली की गाडी सुरू होत नाही.

गिऱ्हाइकाने तासभर किल्ली फिरवली. नुसतं खुर्र खुर्र. मीही घाम पुसत "कठीण आसा" म्हणत राहिलो. अखेर तो हार उचलून निघाला. "नको रे बाबा, ही माका अर्ध्या वाटेत टाकतली!"

मास्तर बॉनेटला टेकून ढसाढसा रडले. "जीव भांड्यात पडलो रे, बाबल!"

त्यांना आत नेऊन बसवलं आणि मी गुपचूप रोटर लावायला आलो. बघतो तर मार्थाबाय गाडीमागे उकिडवी बसून सायलेन्सरमधून नारळाचं सोडण, म्हणजे वरची केसाळ साल, उपसतेय!

"तेंका सांगशीत तर बघ!" ती डोळे वटारून म्हणाली. मी खिशातला रोटर दाखवला. दोघंही तोंड दाबून हसलो.

रोटर बसवला. सोडण निघालं. किल्ली फिरवली. खुर्र खुर्र!

आता मात्र मी परत बॉनेटमध्ये डोकं घातलं. गाडी खरंच गेली की काय?

तेवढ्यात विहिरीमागून नेल्सन आला. एका हातात पेट्रोलने भरलेला कॅन, दुसऱ्या हातात रबरी नळी.

"बाबलकाका, जरा बाजूक होवा. टाकी रिकामी आसा."