दोन व्याह्यांमधला इंग्रजीचा मास्तर

सकाळी सातला पुण्याहून गाडी निघाली तेव्हा मी नवा कोट चढवला होता आणि तीस वर्षांचं इंग्रजी सोबत घेतलं होतं. पुण्यात मी इंग्रजी संभाषणाचे वर्ग चालवतो. शेजारी बसले होते व्हिएतनामचे तुआनसाहेब. त्यांची मुलगी आणि माझा भाचा अमोल सिंगापुरात एकाच ऑफिसात काम करतात आणि त्यांना लग्न करायचंय. कामानिमित्त पुण्यात आलेल्या साहेबांनी ठरवलं होतं की मुलाचं घर पाहूनच काय ते सांगायचं. घर म्हणजे इंदापूर तालुक्यातलं कळंब, माझ्या अक्काचं. अमोलला रजा मिळाली नाही. "इंग्रजीचं माझ्यावर सोड," असं मीच त्याला फोनवर सांगितलं होतं. हौस दांडगी!

हडपसर मागे पडायच्या आत माझी पंचाईत झाली. साहेब प्रत्येक शब्दाचं शेपूट खात होते. दहातले तीन शब्द हाती लागत. पण "समजलं नाही" हे माझ्या तोंडून निघेना. मास्तर ना मी! मग मीच बोलत सुटलो. मोरगावचा गणपती, ऊस, साखर कारखाने, सगळं लांबलचक वाक्यांत. ते मान हलवून "यस, यस" म्हणत. वा, काय समजूतदार माणूस, असं मला वाटलं. गोष्ट ऐकताना आपण हुंकार देतो तसं ते "यस" होतं, हे फार उशिरा कळलं.

बारामतीला चहाला थांबलो. साहेबांनी काहीतरी मागितलं. मी आत्मविश्वासाने त्यांना स्वच्छतागृहाच्या दारापर्यंत सोडून आलो. ते आत गेले, बाहेर आले, माझे आभार मानले आणि मग बोटाने टेबलावरचा पाण्याचा जग दाखवला.

पुढे कालव्याच्या कडेने उसाच्या ट्रॉल्यांमागे रखडत कळंबला पोचलो. दाजी फेटा बांधून दारातच उभे होते.

"या पाव्हणं, या! लई लांबनं आलात."

जेवायला भाकरी, मटण आणि खरडा (हिरव्या मिरचीचा ठेचा). साहेबांनी खरड्याचा मोठा गोळा उचलला.

"आरं, सांग की त्यास्नी, लई तिखाट हाय," अक्का ओरडली.

मी सावधगिरीची सूचना तीन पोटवाक्यांसह दिली. "यस, यस," म्हणत साहेबांनी गोळा संपवला आणि आणखी मागितला. ठसका लागला तो मला.

जेवण झाल्यावर अंगणात चहा आला. साहेबांनी कप हातात घेतला, दाजींकडे पाहिलं आणि सावकाश काहीतरी विचारलं. मला कळलं ते एवढंच: मुलगी, लग्न, इथं. सून म्हणून तिचं स्वागत होईल ना, असंच असणार! मी छाती पुढे काढून म्हणालो, "अर्थात! आम्हाला आनंदच आहे!"

साहेबांचा चेहरा उतरला. कप खाली ठेवून त्यांनी घड्याळ पाहिलं.

"मास्तर, काय इचारलं त्यांनी?" दाजींनी विचारलं.

"काही नाही दाजी, सहज."

"सहज न्हाय. जनावरानं वैरण सोडली की कळतं आमाला. ह्यांनी च्या सोडला. खरं सांगा, तुमाला समजलं का?"

दारात अक्का उभी होती. माझे कान तापले.

"नाही," मी म्हटलं. "सकाळपासून काहीच समजलेलं नाही."

"मग त्यास्नी बी तेच सांगा. माझ्या पोराचं लगीन हाय."

मी साहेबांकडे वळलो आणि आयुष्यातलं सगळ्यात छोटं इंग्रजी बोललो: मला कळलं नाही. साहेबांनी मोठा श्वास सोडला. "मलापण नाही. तुम्ही सकाळपासून काय बोलता?"

मग एकेक शब्द घेत, हातवारे करत आम्ही त्या प्रश्नापाशी परत आलो. लग्नानंतर माझ्या मुलीला नोकरी सोडून इथं शेतावर राहावं लागेल का, असं त्यांनी विचारलं होतं. आणि मी आनंद व्यक्त केला होता.

"आरारा!" दाजी म्हणाले. "नोकरी सोड म्हणाय आमी कोण? फकस्त वर्सातनं एकदा यावं म्हणा तिनं. आन् येताना आमच्या अमोलला घिऊन यावं. दोन वरसं झाली, पोरगं दारात न्हाय."

तीस वर्षांचं इंग्रजी बाजूला ठेवून मी सांगितलं: ती काम करेल. वर्षात एकदा येईल. आमच्या मुलाला घेऊन येईल. दोन वर्षं नाही आला.

साहेब म्हणाले, "माझीपण नाही आली. दोन वर्षं." आणि गार झालेला चहा एका घोटात प्यायले.

परतीच्या वाटेवर ते मुलीबद्दल बोलत होते. मला कळेना तिथे मी त्यांना थांबवत होतो, ते न चिडता पुन्हा सांगत होते. एवढं साधं काम मी विद्यार्थ्यांना कधी शिकवलं नाही, कारण मलाच ते येत नव्हतं. लाज वाटली, पण खरं सांगायचं तर मोकळंही वाटलं.

पुण्यात हॉटेलच्या दारात उतरताना साहेब म्हणाले, "तुमच्या दाजींना विचारा, लग्न कधी?"

पहिल्याच फटक्यात समजलं. तरी मी म्हणालो, "समजलं नाही, परत सांगा."