कलापथकातली बायको

माझा नवरा इंझोरीत बुद्धविहारासमोर पोरांना लाठी शिकवायचा. पहिला वार आपण करायचा नाही, आलेला तेवढा अडवायचा, हा त्याचा नियम. "हाताकडे काय पाहून राह्यले? खांद्याकडे पाहा. मार खांद्यातून निंगते," असं तो ओरडायचा. आधी गोट्यांवरून एकमेकांची डोकी फोडणारी ती पोरं वर्षभरात निवळली. त्यांच्या आया येता-जाता त्याला दुवा द्यायच्या. घरात तो मला मारायचा. त्या दुवा ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण पोरं खरंच सुधारली होती, ते कसं नाकारू? त्याची शिकवणी तरी खोटी असती तर बरं झालं असतं.

उन्हाळ्यात हीच पोरं त्याच्यासोबत कलापथक घेऊन गावोगाव जायची. नाटकात दारुडा नवरा बायकोवर काठी उगारतो, बायको त्याचा हात धरते आणि तो काठी टाकून रडतो. नवरा अर्थात आमचे उस्ताद. बायकोचं काम लुगडं नेसून एक पोरगा करायचा. किन्हीराजा गावाला जायच्या दिवशीच तो तापानं फणफणला. तालमी आमच्याच अंगणात व्हायच्या, त्यामुळे मला सगळं पाठ होतं.

"तूच उभी राह्य," नवरा म्हणाला. विचारलं नाही, सांगितलं.

किन्हीराजाला नाटकात त्यानं काठी नुसती उचलली. खांदा हललाही नव्हता, तोच मी दोन्ही हात डोक्यावर घेऊन मटकन खाली बसले. हात धरायचा राहूनच गेला. अंग माझं ऐकेना. तो जरासा थबकला, मग ठरल्याप्रमाणे काठी टाकून रडला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"वा वहिनी! आता हे काम वहिनीच करतीन," पोरं म्हणाली. खांदे वाचायला शिकलेली पोरं! एकाच्याही डोक्यात उजेड पडला नाही. म्हणजे आता घरीही तेच आणि गावोगावीही तेच. मला रडू फुटत होतं.

मी मागे पाणी पीत होते तेव्हा त्या गावची एक म्हातारी माझ्याजवळ येऊन बसली.

"घरी बी अशीच बसतं काय व, पोरी?" तिनं हळूच विचारलं.

पलीकडे नवरा पोरांच्या पाठी थोपटत होता. मी तोंड उघडलं असतं, तर त्या पोरांनी पुढे कुणाचं ऐकलं असतं?

"नाई व माय," मी म्हणाले. "नाटक हाये ते."