आमची बाजू तर खरीच होती

चहा घ्या आधी, कारण वाचता वाचता तो थंड होणार आहे. मी माझीच नोकरी घालवायला एका नववीतल्या पोरीला महिनाभर शिकवणी दिली. तीही फुकट! आता याला काय म्हणायचं, ते तुम्हीच सांगा.

आमची शाळा तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात, पैनगंगेच्या अलीकडे. मराठी माध्यमाची. इथे दरवर्षी वादविवाद होतो, म्हणजे हेडमास्तर वाघमारे सर करवतात. दोन्ही बाजूंची भाषणं सर स्वतःच लिहितात. एका बाजूला दोन पानं, दुसरीला चार ओळी. चार ओळीवाला हरतो, टाळ्या होतात, केळी वाटतात. पंधरा वर्षं हेच!

"सर, हा वादविवाद आहे की नाटक?" मी विचारलं. नवीन होते ना, गप्प बसण्याची सवय लागायची होती.

"करा तुमच्या मनासारखं," सर म्हणाले. "फक्त विरोधी बाजू जास्त मजबूत करू नका, बाई."

बघा! जुन्या माणसांना प्रत्येक गोष्टीची भीती. मी मुद्दाम विषयच काढला, 'मराठी माध्यमाची शाळा हवी की नको?' वर पालकांनाही बोलावलं. ऐकू द्या की लोकांना!

चिठ्ठ्या टाकल्या. 'हवी' अंकुशला आली, 'नको' रेणुकाला. अंकुशला मी म्हटलं, "आपली बाजू तर खरीच आहे, तुला कशाला तयारी?" आणि लागले रेणुकाच्या मागे. रोज चौथ्या तासाला, अख्खा वर्ग श्रोते म्हणून बसवून. उदाहरण घरातलं दे. पुराव्याशिवाय बोलू नकोस. अर्धा पुरावा म्हणजे लबाडी. भाषणही मीच लिहून दिलं.

तो दिवस आला. अंकुश उभा राहिला. "मराठी आपली आई हाय," म्हणाला आणि खाली बसला.

रेणुका उठली. "आईले कोण सोडून राह्यलं? आई घरी हायच! पण शेताच्या कागदावर काय लिहून हाय, ते आमी दुसऱ्याले विचारतो. माहे बाबा निर्मल गावची बस समजून चढले अन् उटनूरले उतरले. काऊन? पाटी तेलुगूत होती!"

"खरं हाय!" तिचे बाबा, मारोतीभाऊ, मागून ओरडले. "अख्खा दिवस गेलता!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट. सगळ्यात जोरात कोण वाजवत होतं? मीच!

दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारात पालकांची रांग. हातात टीसीचे अर्ज. पोरं तेलुगू माध्यमात घालायची म्हणे! पोरं गेली की वर्ग बंद. वर्ग बंद झाला की आधी घरी कोण जाणार? तात्पुरत्या नेमणुकीची मी.

"मारोतीभाऊ, अहो, ती नुसती स्पर्धा होती!"

"म्हंजे खोटं बोलले का तुमी?"

"मी कुठे? बोलली रेणुका!"

"रेणुका म्हणते, शब्द न शब्द मॅडमचा हाय."

वाघमारे सरांनी अर्ज गोळा करून कपाटात ठेवले. "सोमवारी या सगळे. शीतलबाई उत्तर देतील." माझ्याकडे बघून हसलेसुद्धा नाहीत. हसले असते तर भांडता तरी आलं असतं!

दोन दिवस मी माझंच भाषण खोडत बसले. एक मुद्दा हलेल तर शपथ! शेवटी रेणुकालाच गाठलं.

"याला उत्तर काय गं?"

"सोपं हाय मॅडम. आपल्या शाळेतबी तेलुगूचा तास रोज असते. मराठीत शिकूनबी पाटी वाचता येते."

"मग हे आधी का नाही सांगितलंस?"

"माही बाजू 'नको'ची होती ना!"

सोमवारी मी हेच उत्तर ठणकावून दिलं. पालक माना डोलवायला लागले. आणि रेणुकाचा हात वर!

"मॅडम, अर्धा पुरावा म्हंजे लबाडी. तेलुगूचा तास चौथा असते. महिनाभर तो तुमीच घेतला, माह्या तयारीले."

मारोतीभाऊ पोट धरून हसले. "अर्ज वापस घेतो आमी. पण तो तास रोज झाला पायजे. अन् तुमीबी बसा त्या तासाले. तुमाले तरी कुठं वाचता येते?"

येत नव्हतंच. माझं सगळं शिक्षण नांदेडचं. तेव्हापासून चौथ्या तासाला मी रेणुकाशेजारी, शेवटच्या बाकावर. वाघमारे सर खिडकीतून डोकावतात आणि पुढे जातात.

प्रगती? उत्तम! आज सकाळी कुणाला एक शब्द न विचारता, स्वतः पाटी वाचून, ऐटीत निर्मलच्या बसमध्ये चढले.

हे मी उटनूरच्या बस स्टँडवर बसून लिहिते आहे. मारोतीभाऊंना फोन केला, तर म्हणतात, "डाव्या हाताच्या चहावाल्याकडं बसा मॅडम. मीबी तिथंच बसलतो."