लुएलाबाईंना हार

पहिली शंका मला त्या हारामुळे आली. लुएला ग्रिमली या जुन्या अमेरिकन कंट्री गायिकेवर आमच्या इंग्लंडमधल्या स्लाऊच्या मराठी मंडळाचा कार्यक्रम, आणि टेबलावरच्या तिच्या फोटोला चक्क चंदनाचा हार!

"काकू, त्या... गेल्या का?" मी दचकून विचारलं. तशी मी टोस्टरमधून ब्रेड उडाला तरी दचकते.

"अगं सायली, पन्नासच्या दशकातली बाई ती. गेलीच असणार!" आमच्या अध्यक्षा जोगळेकरकाकू म्हणाल्या.

काकूंचा स्वतःचा जन्म त्याच दशकातला.

आमच्या मंडळात किस्से गोळा करावे लागत नाहीत. हॉलच्या सिंकमधल्या कपांसारखे आपोआप साचतात. विसळायला मात्र कुणी नसतं!

*

निवेदन माझ्याकडे होतं. कोळशाच्या खाणीजवळचं गाव, चर्चमधली गाणी, मग रेडिओ, गाजलेल्या रेकॉर्ड्स आणि चार नवरे.

"चार?" काकूंनी चष्मा काढला. "मुलं येणारेत गं कार्यक्रमाला. दोन कर."

"पण काकू, ते खरे आहेत."

"असतील. आपल्याला हॉल दोनच तास मिळालाय!"

दोन नवरे कापले. पंचाईत एवढीच, की बाई ज्या घोड्यांच्या फार्मवर राहायला गेल्या तो तिसऱ्याचा. तो मी मुकाट्याने दुसऱ्याच्या नावावर केला.

*

गाता गाता आवाज मध्येच टुणकन वर उडवायचा आणि परत खाली आणायचा, ही लुएलाबाईंची खासियत. त्याला यॉडलिंग म्हणतात. आमचे हार्मोनियमवाले साठेकाका डोळे मिटून त्यांची रेकॉर्ड ऐकत होते. मला वाटलं, रंगले!

"आवाज फुटतोय," ते म्हणाले. "रियाज कमी. वेळीच कुणीतरी सांगायला हवं होतं बाईंना."

*

हा सगळा घाट बापटकाकांसाठी. काका रिटायर्ड भूलतज्ज्ञ. पेशंटला झोपवताना आयुष्यभर लुएलाबाईंचंच गाणं गुणगुणले. एक आजोबा शुद्धीवर आले ते हेच विचारत, "डॉक्टर, पुढचं कडवं?"

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी काकांनी फोटोवरचा हार सरळ केला. "एकदा थँक यू म्हणायचं होतं गं तिला. राहूनच गेलं."

मी इंटरनेट पालथं घातलं, बाई गेल्याचं कुठेच नाही! फार्मचा नंबर तेवढा मिळाला. फोन लावत राहिले. नुसती रिंग.

"काकू, जिवंत असल्या तर?"

"तर हार काढू. पण आधी नक्की कळू दे. पत्रिकेत 'श्रद्धांजली' छापलंय!"

*

संध्याकाळी हॉल भरला. गाणी माझ्या फोनवर आणि फोन स्पीकर्सना जोडलेला. काकू म्हणाल्या, "आता दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू या." सगळे उठले. मी टेबलाखाली शेवटचा प्रयत्न म्हणून फार्मचा नंबर लावला.

वायर काढायची राहिली!

रिंग हॉलभर घुमली. काकूंनी डोळे वटारले, पण स्तब्धता म्हणजे स्तब्धता, बोलणार कोण? घाबरून मला फोन बंद करायचं बटणच सापडेना. तेवढ्यात पलीकडे खट्ट झालं.

"हॅलो? लुएला बोलतेय," एक खरखरीत, म्हातारा आवाज चारही स्पीकर्समधून आला. "कोण आहे?"

कुणी हललं नाही. दोन मिनिटं व्हायची होती. एकटे बापटकाका तेवढे हाराच्या दिशेने सरकले.

"अहो, बोला की कुणीतरी! मेलात की काय सगळे?"